हरिपाठ सुटला, चिडचिड वाढली: दमलेल्या आईच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दहा महिन्यांची. बाळंतपणाची रजा संपून नोकरी पुन्हा सुरू झालेली. लग्नाआधीपासून रोज संध्याकाळी हरिपाठ, एकादशीचा उपास आणि चातुर्मासात ज्ञानेश्वरीचं पारायण असा नेम होता. धाकटी झाल्यापासून सगळं सुटलं. देवापुढे बसलं की डोळे मिटतात. मोठ्यावर ओरडणं वाढलंय. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "अगं, मुलांची सेवा हीच देवाची सेवा," आणि ते ऐकून धीर येण्याऐवजी रडू येतं. ताईंनी विचारलंय, मी मागे मागे चालले आहे का? या दिवसांत परमार्थ होतो का, की मुलं हाताशी येईपर्यंत तो बाजूला ठेवायचा?

ताई, बाजूला ठेवू नका. पण पूर्वीचा नेम जसाच्या तसा या दिवसांत कोंबायलाही जाऊ नका. मी वारकरी घरातली, कीर्तन करते, आणि कीर्तन संपल्यावर खांद्यावर झोपलेलं मूल घेऊन जवळ येणाऱ्या आयांशी बोलण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. जवळजवळ प्रत्येकीचा प्रश्न तुमचाच असतो. आपण काहीतरी कमी करतोय, असंच प्रत्येकीला वाटत असतं. माझं उत्तर मी आपल्याच संतांच्या घरांतून देते, कारण दमलेल्या बाईचं काय करायचं हे तिथे फार स्पष्ट दिसतं.

आधी देहूला जाऊ. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर चिंतनाला बसत. खाली घर, पोरं, दुष्काळात बसलेला व्यवहार हे सगळं आवलीच्या, म्हणजे जिजाईच्या अंगावर. ती भाकरी बांधून डोंगर चढायची, नवऱ्याला शोधून जेवू घालायची आणि विठ्ठलाला तोंडभर शिव्या द्यायची, कारण तिच्या दृष्टीने संसाराचं वाटोळं त्या काळ्यानेच केलं होतं. एकदा चढताना तिच्या पायात काटा मोडला. कथा सांगते की तो काटा काढायला पांडुरंग स्वतः आला. तिने शिव्या थांबवल्या म्हणून आला, तिने नामस्मरण केलं म्हणून आला, असं कथेत कुठेही नाही. पाय दुखत होता, म्हणून आला.

आवलीला कजाग ठरवून श्रोत्यांना हसवायची एक रीत कीर्तनांत पडली आहे. मला ती मुळीच आवडत नाही. तुकोबा गेले तेव्हा आवली गरोदर होती. नंतर जन्मलेला मुलगा म्हणजे नारायणबाबा. त्यांनीच 1685 मध्ये पादुका पालखीत घालून वारीची आजची पद्धत सुरू केली. दर आषाढात जी लाखो माणसं त्या वाटेने चालतात, त्यांच्या मागे एका दमलेल्या, चिडलेल्या, एकटीने पोरं वाढवणाऱ्या आईचे कष्ट आहेत. तिने किती पारायणं केली, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

दुसरं घर चोखोबांचं. सोयराबाईला दिवस भरलेले, चोखोबा घरी नाहीत, सुईणही नाही. तेव्हा विठ्ठल चोखोबांच्या बहिणीचं, निर्मळेचं, रूप घेऊन आला आणि त्याने सोयरेचं बाळंतपण केलं, अशी कथा आहे. कर्ममेळा हा तिचा मुलगा. जरा डोळ्यांपुढे आणा: ज्या घराला गावाने शिवायचं नाही असं ठरवलेलं, तिथे देव नणंद होऊन येतो, पाणी तापवतो, बाळाला न्हाऊ घालतो. हीच सोयराबाई पुढे अभंगांतून विचारते, की विटाळाशिवाय जन्मलेला देह जगात आहे तरी कुठला? बाळंतपणात जिच्या जवळ देव बसला, तिलाच हा प्रश्न इतक्या निर्भयपणे विचारता आला असेल, असं मला नेहमी वाटतं.

आणि जनाबाई. तिला स्वतःचं मूल नव्हतं, पण नामदेवांचं भरलं घर तिच्या हातावर चालायचं. दळण, कांडण, झाडलोट, शेण्या वेचणं, पाणी भरणं. विठ्ठल तिच्यासमोर बसून जात्याचा खुंटा धरायचा, तिच्या डोक्यातल्या उवा काढून वेणी घालायचा. पंढरपूरजवळ गोपाळपुरात तिचं म्हणून जातं दाखवतात. तुम्ही गेला असाल तर त्याला हात लावून आला असाल.

या तिन्ही कथा इतक्या ऐकल्या आहेत की त्या काय सांगतात तेच आपल्या लक्षात येत नाही. तिघींपैकी एकीलाही देवाने "अजून थोडी साधना कर" असं म्हटलं नाही. "सहन कर, फळ मिळेल" असंही नाही. त्याने काम वाटून घेतलं. आपल्याकडे बाईच्या थकव्याला देवाने दिलेलं उत्तर हे असं आहे. म्हणून मी आयांना सांगते की या दिवसांतली पहिली साधना मदत घेणं ही आहे. ऐकायला सोपं वाटेल. पण वर्षानुवर्षं "मी करते, मी बघते, माझ्याशिवाय होणार नाही" असं म्हणत आलेल्या बाईला दुसऱ्याच्या हाती काम सोपवून गप्प बसणं किती जड जातं, ते करून बघा. नवऱ्याने मुलाला वेगळ्याच पद्धतीने आंघोळ घातली, डब्यात पोळीऐवजी ब्रेड दिला, बाळाला उलटं झबलं घातलं, तरी उठायचं नाही. यात जो अहंकार सुटतो तो तासभर जप करूनही सुटेलच असं नाही.

मदत मागताना "जरा हातभार लावा हो" असं मोघम बोलू नका. मोघम मागितलं की मदतही मोघमच मिळते. वेळ आणि काम दोन्ही नावाने सांगा. संध्याकाळी सात ते आठ मोठ्याचं जेवण आणि धाकटीला फिरवणं बाबांकडे. रविवारी सकाळी दोन तास आजी-आजोबांकडे. माहेर जवळ असेल तर महिन्यातून एक मुक्काम तिकडे, आणि तिथे स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. तो मोकळा वेळ मिळाला की त्यात लगेच हरिपाठ घेऊन बसायचं, असंही माझं सांगणं नाही. आधी झोपा.

झोपेबद्दल तुमच्या मनात अपराधीपणा आहे म्हणून सांगते. तुकोबांना बाबाजी चैतन्यांकडून उपदेश मिळाला तो स्वप्नात. त्यांनी तसं अभंगातच लिहिलं आहे. शिऊरच्या संत बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश झाला तोही स्वप्नात. ज्या संप्रदायात गुरू झोपेत भेटतात, तिथे देवापुढे बसल्यावर डुलकी लागली म्हणून एका लेकुरवाळीने रडायचं काही कारण नाही. डोळे मिटले तर तिथेच भिंतीला टेकून पडा. देव्हाऱ्यापुढे झोपलेल्या आईला देव उठवत नाही.

आता एक गोष्ट मी कीर्तनकार म्हणून कमी आणि घरातली मोठी बाई म्हणून जास्त सांगते आहे. हा थकवा फक्त मनाचा आहे असं गृहीत धरू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त बायका रक्त कमी असताना घर ओढताहेत आणि स्वतःला आळशी म्हणवून घेताहेत. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 तपासून घ्या. बाळंतपणानंतर थायरॉइडचा त्रास पहिल्या वर्षात उद्भवू शकतो आणि त्याची लक्षणं थेट तुम्ही लिहिलीत तशीच असतात: थकवा, चिडचिड, रडू येणं. याच्या जोडीला दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटत असेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार विकसनशील देशांत बाळंतपणानंतर जवळपास पाचातली एक बाई मानसिक आजारातून, मुख्यतः नैराश्यातून, जाते. त्यावर उपचार आहेत आणि बाळाला पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं डॉक्टर देतात. सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. मनात इजेचे विचार असतील तर आज, आत्ता, घरातल्या एका माणसाला सांगा आणि डॉक्टरकडे जा. "नाम घे, सगळं ठीक होईल" असं तुम्हाला कुणी सांगितलं, अगदी माझ्यासारख्या टाळकऱ्याने सांगितलं, तरी ते ऐकून घरी बसू नका. काटा काढायला देव येतो तो अनेकदा डॉक्टरच्या हाताने येतो.

तब्येतीची सोय लागली की मग नामाचं बोलू.

हरिपाठाचे 27 अभंग म्हणायला शांतपणे वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तुमच्याकडे ती नाहीत. पण त्याच हरिपाठाचा पहिला अभंग देवाच्या दारात क्षणभर उभं राहायला सांगतो आणि तेवढ्यानेच चारी मुक्ती साधतात म्हणतो. ज्ञानोबांनी तासाचं मोजमाप घातलेलं नाही. म्हणून तूर्त रोज एकच अभंग म्हणा, तोही उभ्याने, देव्हाऱ्यापाशी किंवा ओट्यापाशी, मूल कडेवर असलं तरी चालेल. आज पहिला, उद्या दुसरा. महिन्याच्या आत सगळा हरिपाठ होतो. मधे चार दिवस बुडाले तर जिथे थांबलात तिथून पुढे. बुडालेल्या दिवसांची भरपाई करायची नाही, ही अट नीट पाळा. भरपाईचा हिशेब मनात सुरू झाला की नेम ओझं होतो आणि मग तो पुरता सुटतो.

याच्या जोडीला हाताच्या एका कामाला नाम जोडा. आपल्या आज्या-पणज्यांनी हेच केलं. पहाटे अंधारात जात्यावर बसून त्यांनी विठ्ठल गायला, भाऊ गायला, लेक गायली, सासुरवास गायला. पुण्याच्या हेमा राइरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. पुरुष मंडळी मंदिरात टाळ घेऊन उभी राहत, बायकांचं मंदिर जात्याभोवती होतं. पुढे पिठाची गिरणी आली, दळण सुटलं आणि त्यासोबत गाणंही गेलं. कष्ट गेले ते चांगलंच झालं, त्यांच्यासाठी मी हळहळत नाही. पण एका लयीत चालणारं काम आणि तोंडी गाणं ही जी सोय होती, तिची जागा रिकामीच राहिली.

तुमच्या दिवसात लयीचं काम कोणतं आहे ते शोधा. झोळीचा किंवा पाळण्याचा झोका आहे. रात्रीचं पाजणं आहे. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या आहेत. यातलं एकच निवडा. मी बहुतेकींना रात्रीचं पाजणं सुचवते, कारण त्या वेळी हातात मोबाइल येतो आणि त्याच्या उजेडाने उरलेली झोपही उडते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. बाळ छातीशी लागलं की श्वास घेताना 'राम कृष्ण', सोडताना 'हरी'. मोजायचं नाही, माळ नको. आठवण सुटली तर सुटली, पुन्हा आली की पुन्हा म्हणायचं. सुरुवातीला काहीच वाटणार नाही. काही आठवड्यांनी बाळ रडलं की उठताना पहिल्यांदा जो वैताग यायचा, त्याच्या आधी नाम येतं, असं मला कितीतरी आयांनी सांगितलं आहे. रोज येत नाही. पण येतं.

आता ओरडण्याचं. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात दुखरा भाग आहे, हे मला कळतं, कारण तिथे तुम्ही एकच ओळ लिहून विषय बदललात. बाईने पाच वर्षांच्या पोरावर ओरडू नये हे तिला कळत नाही असं नसतं. रात्री तीनदा उठलेल्या, सकाळचा डबा, बस आणि ऑफिस गाठलेल्या शरीरात रात्री आठ वाजता संयम शिल्लकच नसतो. त्या क्षणी स्वतःला संतपदाला नेण्याचा प्रयत्न करू नका. बाळाला सुरक्षित जागी ठेवा, बाथरूममध्ये जा, तोंडावर पाणी मारा, दार लोटून दोन मिनिटं बसा. मूल दोन मिनिटं रडेल, रडू द्या. आणि ओरडून झालंच असेल तर नंतर मुलापाशी बसून माफी मागा. "मी फार जोरात ओरडले. ते चुकलं. मी दमले होते, पण तुझी चूक एवढी नव्हती." एवढंच. पुढे "पण तूही..." जोडायचं नाही.

आपल्या घरांत मोठ्यांनी लहानांची माफी मागायची पद्धत नाही. म्हणूनच मला ती फार मोलाची वाटते. देवापुढे डोकं ठेवायला आपल्याला काही वाटत नाही, सवयच आहे. पोटच्या पोरापुढे नमतं घेताना मात्र आतलं सगळं ताठ होतं. तो ताठरपणा जिथे वाकतो, तिथे तुमची वाढ चाललेली आहे, आणि ती बाहेरून कुणालाच दिसणार नाही. लहान मूल इतक्या लवकर आणि इतकं पूर्ण माफ करतं की आपण थक्क होतो. माफी मिळणं म्हणजे काय, हे मला तरी कुठल्या ग्रंथाआधी माझ्या लेकरांनी दाखवलं.

मग "मुलांची सेवा हीच देवाची सेवा" या वाक्याचं काय? ते खोटं नाही. कधीतरी बाळाचे पाय पुसताना ते तुम्हाला आतून उमगेल आणि त्या दिवशी कुणी सांगावं लागणार नाही. पण तेच वाक्य दुसरं माणूस खुर्चीत बसून, स्वतः न उठता म्हणतं, तेव्हा त्याचा अर्थ "तक्रार करू नकोस" एवढाच उरतो. तुम्हाला रडू येतं ते यामुळे. तुमच्या भक्तीत खोट आहे म्हणून नाही. पुढच्या वेळी शांतपणे म्हणा, "खरंय, मग तुम्हीही थोडी सेवा करा ना, हिला अर्धा तास घ्या." यात उद्धटपणा नाही. सेवेचं पुण्य एकटीने का साठवायचं?

तक्रारीबद्दलही सांगते. देवाकडे तक्रार करणं आपल्याकडे निषिद्ध नाही. आवलीचं सांगितलंच. संत बहिणाबाईंनी आपल्या अभंगांत स्वतःचं आयुष्यच मांडलं आहे: नवऱ्याचा मार, भजनाला होणारा विरोध, पोटात मूल असताना त्याने सोडून जायची केलेली तयारी. देवाला लिहायचं म्हणून त्यांनी काही गोड करून लिहिलं नाही. तुम्हीही गाऱ्हाणं घाला. "विठ्ठला, मला या पोरांचा आज कंटाळा आलाय" हे वाक्य देव्हाऱ्यापुढे म्हणता येतं, आणि ते म्हणणारी आई वाईट नसते. ज्याच्याशी आपण खरं बोलतो त्याच्याशी नातं टिकतं. गोड चेहरा करून देवापुढे बसायचं आणि उरलेला राग मोठ्यावर काढायचा, यापेक्षा राग देवाला द्या. त्याला सोसतो.

एकादशी आता करू नका. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोजच्यापेक्षा सुमारे 600 उष्मांक जास्त लागतात आणि पुढच्या सहा महिन्यांत सुमारे 520. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने हे प्रमाण दिलेलं आहे. दिवसभर साबुदाणा आणि चहावर राहून तुम्ही दमणार, दमलात की चिडणार, आणि त्याचा भार मोठ्यावर पडणार. त्या दिवशी नेहमीसारखं पोटभर जेवा, वरण-भाजी-भाकरी सगळं, आणि पहिला घास घेताना विठ्ठलाचं नाव घ्या. मुलगी अंगावरची सुटली, रक्त भरून आलं, की एकादशी तुमची वाट बघत असेलच, महिन्यातून दोनदा.

राहिलं पारायण. तुम्ही लिहिलंत की गेल्या चातुर्मासात संकल्प करून पारायणाला बसले आणि ते मधेच तुटलं, त्याचा दोष लागेल का, ही भीती मनात आहे. कसला दोष लागायचा? ज्या ज्ञानोबांना आपण माउली म्हणतो ते तान्ह्या मुलीसाठी उठलेल्या आईवर रागावतील? प्रायश्चित्त वगैरे काही नको. पोथीत खूण आहे ना, तिथूनच पुढे वाचा. नऊ हजारांवर ओव्या आहेत, दिवसाला एक वाचली तरी चालते. वाचायलाही डोळे उघडे राहत नसतील तर घरात कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही आडवं पडून ऐका. सासूबाई वाचत असतील तर त्यांनाच विनंती करा, दोघींना बरं वाटेल. तुमचा पाच वर्षांचा मुलगा वर्षभरात अक्षरं जुळवून वाचायला लागेल, मग कधीतरी त्याच्याकडूनही एखादी ओवी वाचून घ्या. चुकीची वाचली तर लगेच दुरुस्त करू नका.